तीन दिवसांत चौदा ठिकाणं

३ एप्रिल

लेकीचा, ऑरोरचा फोन. मेअखेरीस येशूच्या स्वर्गारोहणाच्या सुट्टीत तिच्या होणाऱ्या नवऱ्याचे, तिबोचे वडील एर्वे येणार. तीन दिवस! मुलाची सासुरवाडी आणि आमची वाईनची तळघरं बघायची आहेत म्हणे. एर्वे बर्गंडीचे, चार पिढ्या वाईनमध्ये. बर्गंडीच्या माणसाच्या मते त्यांच्या हद्दीबाहेर जे पिकतं ते व्हिनेगरसारखं सॅलडवर ओतायचं.

"आई, बाबांचं पिंप त्यांच्यासमोरच उघडू. लग्नात तीच वाईन!"

"बघू," म्हटलं.

४ एप्रिल

इथे तरी खरं लिहावं.

माझ्या नवऱ्याने, रेजीसने ते पिंप भरलं आणि त्याच हिवाळ्यात तो गेला. आमची पिवळी वाईन सहा वर्षं तीन महिने पिंपात एकटी सोडायची असते. ती आटते, वर साय धरते आणि त्या सायीखाली पिकते. भर घालायची नाही, हलवायचं नाही. मुदत जानेवारीत संपली. त्याआधीच, नोव्हेंबरात, मला राहवलं नाही, बूच काढून वास घेतला. नेलपॉलिश! बूच परत ठोकलं आणि वर जाऊन भांडी घासली. स्वच्छच होती ती.

प्रयोगशाळेची बाई वर्षातून दोनदा नमुने न्यायला येते. तिला त्या पिंपाजवळ फिरकू दिलं नाही. घरचं आहे, राहू दे, म्हटलं.

दहा पिंपांत एखादं जातंच, असं रेजीस स्वतःच म्हणायचा. पण हेच जायचं होतं? बाबांच्या हातचं शेवटचं, त्याचं व्हिनेगर झालंय — हे ऑरोरला मी कोणत्या तोंडाने सांगू? वडिलांच्या नावाने तिच्याकडे तेवढंच उरलंय.

तेव्हा उघडायचं नाही. पाहुण्याला इतकं फिरवायचं की वेळच उरायला नको.

९ एप्रिल

बेत सुरू. गुरुवार — शातो-शालोंचा कडा, चर्च, दोन तळघरं. शुक्रवार — बोमची गुहा, तिथला मठ, आर्ब्वात तीन तळघरं. शनिवार — एरिसोंचे धबधबे. सगळे! वरपासून खालपर्यंत पायी. त्यानंतर कोणाला तळघराच्या पायऱ्या उतरायची हौस राहते बघू.

१६ एप्रिल

सालेंची मिठाची खाण घातली. जमिनीखाली आहे, गार आहे, पिंपं नाहीत. उत्तम.

२ मे

स्वतः एर्वेंचा फोन. आवाज घोगरा, बोलणं हळू.

"विहीणबाई, मला डोंगरदऱ्या नकोत हो. माझी बायको गुडघ्यांमुळे येत नाहीये, माझेही काही फार बरे नाहीत. तुमचं तळघर दाखवा, पुरे."

"दाखवू की! शनिवारी."

"शनिवारी संध्याकाळी सातला मी निघेन."

"मग सहाला दाखवू."

"बरं," म्हणाले. बिचारे! शेजारच्या मारी-क्लोदला हे सांगून दोघी हसलो.

११ मे

आज काही नाही. बेतात चीजचं गोदाम वाढवलं.

२० मे

बेत ऑरोरला पाठवला. लगेच फोन. "आई, ही सहल आहे की शिक्षा? तीन दिवसांत चौदा ठिकाणं! आणि आपलं तळघर कुठेय यात?"

"शेवटी आहे."

"शेवटी 'वेळ उरल्यास' लिहिलंय!"

नीट वाचते पोरगी. बापावर गेली आहे.

२९ मे

एर्वे आले, ऑरोर आणि तिबोही. एर्वे बुटके, रुंद, हातात सहा बाटल्यांचं खोकं — स्वतःच्या वाईनचं! जणू आमच्याकडे विहिरीचं पाणी पितात. दोन तळघरं झाली. पेला नाकाशी धरतात, डोळे मिटतात आणि नुसतं "हं" म्हणतात. त्या "हं"चा अर्थ काय लावायचा माणसाने?

रात्री जेवताना ऑरोरने जाहीर केलं. शनिवारी पहाटे उठायचं, पण बाबांचं पिंप उघडायचंच. मी धबधब्यांचा विषय काढला. तिने पिंपाचा. मी मिठाच्या खाणीचा. तिने पुन्हा पिंपाचा. तिबो खाली मान घालून बटाटे खात होता. एर्वे माझ्याकडे बघत बसले होते. चीज नको म्हणाले. माझ्या घरी, चीज नको!

३० मे

काय लिहू! सकाळी तळघरातून ऑरोरची किंकाळी. धावले. एर्वे शिडीवर, रेजीसच्या पिंपात नरसाळं, हातात काचेचा जग — शेजारच्या टाकीतली पांढरी वाईन ओतत होते!

"लवकर जाग आली. दार उघडंच होतं," म्हणाले. "हे पिंप पाहिलं, केवढं रिकामं! म्हटलं, भरून देऊ. आमच्याकडे आठवड्याला भरतात."

"तुमच्याकडे!" ऑरोर ओरडली. "सहा वर्षं कुणी बोट लावलं नव्हतं! साय फुटली, संपलं सगळं. माझ्या बाबांचं होतं ते! रिकामं दिसलं की ओता — एवढीच अक्कल का हो बर्गंडीत?"

तिबो तिला आवरायला गेला, त्यालाही बोलणी बसली. एर्वेंनी बूच हातोडीने गच्च ठोकलं. "चव घेऊ नका कुणी," म्हणाले. "मी वाट लावली आहे. चूक माझी." आणि पिंपाला टेकून उभे राहिले, जसं काही त्यांचंच होतं.

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. खरंच. आता कुणी कधीच चाखणार नाही. रेजीसची वाईन उत्तम होती, एका आडमुठ्या बर्गंडीवाल्याने घालवली — मारी-क्लोदच्या नातवंडांनाही हेच माहीत असेल! लाज वाटली? वाटली थोडी. मग कॉफी टाकली.

दुपारी बोमची गुहा. ऑरोर माझ्या शेजारी पुढे बसली, मागे वळून बघितलंही नाही. तिबोला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "लग्नात तुझे बाबा वाईनच्या टेबलापाशी दिसले, तर मी चर्चमधूनच घरी जाईन." एर्वेंनी ऐकलं. खिडकीबाहेर बघत राहिले.

मी गिअर बदलला आणि मठाचा इतिहास सांगितला.

३१ मे, दुपार

सगळे धबधबे झाले. गुडघ्यांबद्दल चकार शब्द काढला नाही त्यांनी.

३१ मे, संध्याकाळ

गेले. मुलं घरात होती, निरोपाला मी एकटीच. एर्वेंनी गाडीची काच खाली केली आणि हळूच म्हणाले, "विहीणबाई, ते पिंप बाकीच्यांपासून लांब न्या. आणि त्यात पुन्हा वाईन भरू नका. व्हिनेगर लाकडात मुरतं."

तुम्हाला कसं कळलं, विचारलं मी.

"गुरुवारी जेवताना तुमचा चेहरा पाहिला," ते म्हणाले. "सकाळी आधी बूच काढून वास घेतला. मगच ओतलं."

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. हा माणूस दोन दिवस माझ्या लेकीची बोलणी खात होता आणि मी त्याला दुखऱ्या गुडघ्यांनी धबधबे उतरवत होते.

ऑरोर वर सामान भरते आहे. तिच्याकडे जाते. ती विचारेल, तुला कधीपासून माहीत होतं. नोव्हेंबरपासून, असं सांगायचं आहे.