शेजारची खुर्ची

४ फेब्रुवारी

आज पुन्हा तेच. समुपदेशनाला आलेली गवंड्याची बायको पाऊण तास समोर बसली आणि तोंडातून एक शब्द नाही! नवरा बांधकामावरून पडून गेला, तिच्या डोळ्यांदेखत. पहिल्या दिवशी तिनं एवढंच सांगितलं होतं — तो पडला तेव्हाचा आवाज. त्यानंतर तोंडाला कुलूप. आवाज मात्र माझ्याकडे राहिला. मघाशी जेवताना शेजाऱ्यांकडे भांडं पडलं, माझा घास हातातच.

तिची जाऊ दर वेळी बाहेर बाकावर बसते. आमचा नियम — आत एकटीनंच यायचं.

७ फेब्रुवारी

केंद्रात प्रशिक्षण. समुपदेशकांनी स्वतःचं मन कसं जपावं! शिकवणाऱ्या बाई लांबून आल्या होत्या. बोलल्या छान. दुसऱ्याचं दुःख घरी नेऊ नका. संध्याकाळनंतर फोन बंद. दार लावा, दिवा मंद करा, स्वतःच्या सोबतीत राहा.

स्वतःच्या सोबतीत! आणखी किती राहू? दोन खोल्या, एक ताट, दोन खुर्च्या — त्यातल्या एकीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग. विचारणार होते, तेवढ्यात चहा आला.

केंद्राच्या मोठ्या मॅडम म्हणाल्या, "सगळ्यांत उतरलेला चेहरा तुमचाच. हे मनावर घ्या हं." घेतलं.

८ फेब्रुवारी

फोन बंद केला. शांत. फारच शांत.

१२ फेब्रुवारी

सकाळी फोन उघडला तर ताईचे कितीतरी फोन येऊन गेलेले. सगळे काल रात्रीचे, मी बंद केल्यानंतरचे. केंद्रात जाता जाता लावला. "तुला वेळ असतो तरी कधी ग?" मी नवा नियम सांगितला, तब्येतीसाठी आहे म्हटलं. "बरं केलंस." भावोजी काय म्हणतात, विचारलं. "ते काय म्हणणार... तू जेवलीस का?" सकाळच्या पारी जेवलीस का! ताई म्हणजे ताई. माझी काळजी करण्याची तिला लहानपणापासून हौस.

१५ फेब्रुवारी

गवंड्याची बायको आलीच नाही. सुटल्यासारखं वाटलं. मग स्वतःचीच लाज वाटली. जिना उतरताना अजून भिंतीला धरून चालते. मॅडमना सांगावं का? विचारतील, फोन बंद करता ना? करते की!

लोका सांगे ब्रह्मज्ञान...

१९ फेब्रुवारी

जाऊ आली. एकटीच, आणि फणकाऱ्यात. "बाई, तिला एकटीला कोंडता आणि वर म्हणता, बोल! आमच्याकडे कुणी रडायला बसलं की शेजारी कुणीतरी बसतं. एकटं कुणाला बसवतात? ज्याचं चुकलं त्याला! ती म्हणते, बाईंना वाटतंय मीच त्याला ढकललं."

तिच्या मनात हे चाललं होतं, आणि मी समोर बसून वाट बघत होते!

मॅडमना नियमाचं विचारलं. "तिची इच्छा असेल तर घ्या की दोघींना. तुम्हाला अडवलंय कुणी?" कुणीच नाही.

२२ फेब्रुवारी

आज आत तीन खुर्च्या. जावेनं हात धरला आणि ती बोलली. बोलली म्हणजे काय, बांध फुटला! अडली की जाऊ नुसतं म्हणायची, "हं, मग?" तो आवाज पुन्हा आला. पण आज ऐकणाऱ्या आम्ही दोघी होतो. मला घाम फुटला नाही.

निघताना जाऊ दारात थांबली. "एवढं सगळं ऐकता बाई. तुमच्याजवळ कोण बसतं?"

"मला सवय आहे."

"सवय कसली मेली!" म्हणाली आणि गेली.

घरी येऊन खुर्चीवरचे कपडे उचलून पलंगावर टाकले. ती रिकामी खुर्ची बघितली आणि रडू कोसळलं. मला ताई हवी आहे. उद्या सांगते तिला — ये, दोन दिवस नुसती बसायला ये.

२३ फेब्रुवारी

ताईला म्हटलं, येतेस का, जरा माझ्याजवळ बसायला? पलीकडून हुंदका. भावोजी घर सोडून गेलेत, महिना होत आला. "दिवसा घरात सगळे असतात ग. रात्रीच बोलता यायचं, म्हणून तेव्हा करायचे. तर तुझा फोन बंद."

दुपारच्या गाडीनं मीच निघालेय.