मुलीचे मामा

१८ एप्रिल
पक्ष बदलून महिना झाला. मुंबईहून फोन : मंत्रिमंडळाच्या विस्तारात तुमचं नाव नक्की, धीर धरा. चार टर्म आमदारकीत दुसरं काय केलं? जुन्या पक्षातही हेच ऐकत होतो. नवं उपरणं मानेला टोचतं.

२३ एप्रिल
लग्नसराई आली, पण टेबल रिकामं. एरवी पत्रिकांचा ढीग, आणि प्रत्येकीवर पहिलं नाव माझं. आज उमापूरच्या नामदेवची पत्रिका आली, तीही पोस्टाने! माझ्या पहिल्या निवडणुकीत सायकलला भोंगा बांधून फिरलेला माणूस. त्याच्या रेखाचं लग्न. चारदा वाचली. सरपंच आहेत, चेअरमन आहेत. मी नाही.
नामदेवची बायको सुमन मला राखी बांधते. तिला दुसरा भाऊ नाही. रेखाच्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी! डोकं फिरलं.

२४ एप्रिल
न राहवून फोन केला. "नामदेवा, माझं नाव कावून न्हाई बे?"
"साहेब, छापणारा इचारीत होता, नावाखाली पक्ष कोन्ता टाकू. माझ्या तोंडातून निघंना."
"लग्नाला तरी येऊ का?"
"आसं कावून इचारता? मामा हायेत तुमी पोरीचे. फक्त ते गळ्यातलं घरी ठिवून या."
लई राग आला. त्याचं बरोबर वाटलं, त्याचा जास्त आला.

१ मे
पुन्हा मुंबई. वर शंका आहे म्हणे, माझं मन अजून जुन्याच पक्षात. उमापूरच्या लग्नाला जिल्हाध्यक्ष सोबत येणार. उपरण्यातला फोटो त्याच दिवशी वर गेला पाहिजे. विस्तार याच आठवड्यात. या वयात हजेरी द्यायची!

४ मे
उमापूर. मांडवाबाहेर गाडीत बसलोय. अध्यक्ष फोटोवाल्याला घेऊन मांडवाच्या तोंडाशी उभे. नामदेव आतून बघतोय, बाहेर येत नाही.
माइकवर पुकारा : मुलीच्या मामांनी मुलीला बोहल्यावर आणावं.
सुमन काचेवर टकटक करून गेली. "दादा, पोरगी खोळंबलीय वो." माझ्या गळ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.
उपरण्याला पिन मारलेली आहे. सकाळी अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने लावली. काढायला चाचपतोय, पिन सापडत नाही.
दुसऱ्यांदा पुकारलं. मुलीचे मामा...