आयतु

४ मार्च १९४६, निपाणी

आलो एकदाचा! बेळगावच्या मोटारीतून उतरलो आणि पहिलं काम काय केलं, तर शिंकलो. सगळ्या गावालाच तंबाखूचा वास. लढाईत चार वर्षं हवाई दलाची इंजिनं उघडली, सुटून येळ्ळूरला घरी गेलो तर आप्पा म्हणाले, आता बैलांना ऑइल घाल. पण नशीब जोरावर! इथल्या एका तंबाखूवाल्या शेठनी लढाईतून उरलेलं दोन बैठकांचं विमान लिलावात घेतलंय. गावाबाहेर माळावर धावपट्टी, पत्र्याची शेड, आणि मी त्यांचा मेकॅनिक. घरच्या पत्रात ‘चीफ मेकॅनिक’ लिहिणार आहे. कोण बघायला येतंय?

वैमानिक हरिभाऊ, बेळगावचेच, मोठे हसरे. त्यांचा नियम असा की इंजिनाला ज्यानं हात लावला, त्यानंच पुढच्या फेरीला मागं बसायचं. म्हणजे कामात कुचराई होत नाही म्हणे. माझ्या हाताखाली चिकोडीकडचा आण्णाप्पा आहे. शेठनी त्याला दिलेल्या घराच्या मागच्या खोलीत माझी सोय झाली.

७ मार्च

आज फजिती झाली. आण्णाप्पाच्या बायकोला, काशव्वाला, आंघोळीचं पाणी काढायला सांगितलं. ती म्हणाली, ‘आयतु.’ मी टॉवेल गुंडाळून न्हाणीत गेलो, तर बंबात विस्तवच नाही! आण्णाप्पा पोट धरून हसला. म्हणाला, साहेब, कानडीत काम झालं तरी आयतु, आन् ‘बरं, करतो’ म्हणायचं तरी आयतुच. येळ्ळूरचं असून एवढं ठाव न्हाय व्हय? बाजारापुरती कानडी येते म्हणून मिरवत होतो, जिरली.

काशव्वानं नंतर कढत पाणी दिलं, वर गरम भाकरी. माणसं फार चांगली आहेत.

१२ मार्च

विमानाचं दुखणं सापडलं. इंजिन किती तापलं ते कळावं म्हणून प्लगखाली तांब्याचं कडं बसवलेलं असतं. त्याच्या तारा वैमानिकासमोरच्या तबकडीला जातात, आणि कडं तापलं की काटा चढतो. आमचं इंजिन चढताना फार तापतं. काटा वर गेला की हरिभाऊ नाक खाली घेतात, तेव्हा ते निवतं. पण हल्ली उतरल्यावर इंजिनाजवळ उभं राहवत नाही आणि काटा मात्र निवांत.

काशव्वाचं पातेलं आणून पाणी उकळलं आणि कडं त्यात सोडलं. काटा हवा त्याच्या निम्म्यावर. कडं बदललं, तरी तेच. तबकडी बदलली, तरी तेच. मग राहिला तारांचा मधला जोड. नट काढला तर आत हिरवा गंज. जोड मळका किंवा सैल असला की काटा खोटं बोलतो, आणि नेहमी एकाच बाजूनं. असेल त्यापेक्षा थंडच दाखवतो. हे ऐकून आण्णाप्पा म्हणाला, माणसाचंबी तसंच असतंय की.

१८ मार्च

घडलं तसं लिहितो.

जोड घासून परत बसवायचं काम आण्णाप्पाला दिलं होतं. दुपारी शेठ अचानक पाहुणे घेऊन आले, सोबत ताशेवाले. आत्ताच्या आत्ता उडवून दाखवा म्हणाले. हरिभाऊ जाऊन बसले. मी शेडच्या दारातून ओरडून विचारलं, ‘नट आवळला?’ ताशांच्या गोंगाटातून आण्णाप्पाचं उत्तर आलं, ‘आयतु.’

मी हरिभाऊंना निघा म्हणून हात दाखवला.

मग आण्णाप्पा पाना घेऊन पळत आला, पंखावर चढला, वाकून काही सांगू लागला. हरिभाऊंना वाटलं, नियमाप्रमाणे बसायला आलाय. त्यांनी हसत त्याला मागं ओढून बसवलं. इंजिन सुरू झालं. आण्णाप्पा माझ्याकडे बघून पाना हलवत होता, तोंड हलत होतं. मीही हात हलवला. शंका आली होती, पण शेठ शेजारी उभे होते. थांबवा म्हणायला माझी जीभ उचलली नाही.

विमान चढत गेलं, चढतच गेलं, नाक खाली आलंच नाही. मग आवाज बंद झाला. तंबाखूच्या रानात पडलं. दोघंही गेले.

२१ मार्च

चौकशीचे साहेब बेळगावहून आले. मोडतोडीत तारा नुसत्या बोटांनी पिळलेल्या निघाल्या, आणि नट आण्णाप्पाच्या खिशात. ‘आवळला’ त्याला ‘आवळा’ ऐकू आलं असणार. बरं, आवळतो, एवढंच तो म्हणाला होता.

साहेबांना कानडी येत नव्हती. आयतु म्हणजे काय, असं त्यांनी मलाच विचारलं.

मी सांगितलं, आयतु म्हणजे झालं.

एवढंच सांगितलं. दुसरा अर्थ मला माहीत होता. आण्णाप्पानंच शिकवला होता.

तबकडी मात्र शाबूत निघाली. साहेबांनी तपासायला माझ्याकडे दिली आहे. काटा तळाशी पडून आहे.

२२ मार्च

नवऱ्याच्या कुचराईनं विमान गेलं, म्हणून शेठनी काशव्वाला घर सोडायला सांगितलंय. दुपारी ती दारात आली. म्हणाली, तेनी अर्धं काम टाकून म्होरं जाणारा माणूस न्हवं, साहेब, तुमास्नी ठाव हाय, तेवढं शेठला सांगा की.

मी म्हणालो, ‘आयतु.’

तोंडातून तेच आलं. ती रडत पाया पडली. आत जाऊन बांधलेलं गाठोडं सोडलं, भांडी पुन्हा फळीवर लावली. तिला वाटलं, मी सांगून आलो.

मी गेलोच नाही.

२३ मार्च

काटा हलला. तबकडी टेबलावर आहे, तिला तार नाही, कडं नाही. वारा असेल म्हणून खिडकी लावली. काटा निम्म्यावर.

शेठकडे निघालो होतो. कोपऱ्यावरून परत आलो. सांगितलं तर मलाच धरतील. तबकडीला हात लावला. बर्फासारखी गार.

२४ मार्च

शेठच्या माणसांनी काशव्वाची भांडी रस्त्यावर टाकली. ती ओरडत होती, साहेबांनी सांगितलंय, साहेबांनी सांगितलंय! मी दार लावून बसलो. जाताना तिनं खिडकीतून एकदाच बघितलं. मी हलकट आहे.

घरात आता कोणी नाही. तरी न्हाणीत पाणी उकळतंय. बंबात विस्तव नाही— मी पाहिलं— राखसुद्धा गार. काटा धोक्याच्या लाल रेघेला.

२५ मार्च

दुपार. दार उघडत नाही. कडी भाजते.

तंबाखूचा वास नाही. करपल्याचा— आत, इथंच—

मागं कोणीतरी उभं आहे. पाना जमिनीवर घासल्याचा आवाज. वळून बघवत नाही. सांगतो, सगळं सांगतो, आत्ता कागदावर लिहून देतो. आयतुचे दोन अर्थ. मला माहीत होतं. दोष त्याचा नव्हता, माझा—

टाकाचं निब तापलंय. अक्षर जळतंय.

मोठ्यानं म्हणालो, आण्णाप्पा, सोड मला.

अगदी कानाशी उत्तर आलं—

आयतु.

म्हणजे सोडलंस, की सोडतो? आण्णाप्पा, कुठला अर्थ— काटा अजून चढ—