मोठ्यानं सांगितलेलं पुस्तक

१२ नोव्हेंबर १९९९, आटगाव

शाळेत शिकवून घरी आले. दादा ओट्यावर वाट बघत बसलेला. कान गेल्यापासून स्वतःचा आवाज त्याला ऐकू येत नाय, म्हणून ओरडूनच बोलतो. मी समोर बसते, ओठ हलवून विचारते. त्याला कळतं, नि बोलत सुटतो. पुस्तकाची कल्पना माझीच. इतकी वर्षं मुंबईत रॉक बँडमध्ये ड्रम वाजवले, आता घरात गप्प बसून काय करणार? म्हटलं, तू सांग, मी लिहिते.

आज पहिल्यांदा ड्रमवर बसला ती गोष्ट. तेव्हा स्टेज बांधणाऱ्या सुताराच्या हाताखाली होता. कॉलेजचा कार्यक्रम, ड्रमवाला आलाच नाय. "तवर मी नुसता जयंतीच्या मिरवणुकीत ढोल वाजवलेला गो. हितं तर पायानं पण वाजवायचं! चार गडी एका अंगात शिरल्यासारखं झालं."

माझा हात थांबला. चार गडी एका अंगात. हा माझाच भाऊ ना?

२७ नोव्हें.

ऐकायला माणसं जमायला लागलीत. शेजारच्या जनाकाकी लसूण सोलायला इथंच आणतात. रॉक म्हणजे काय, ठाऊक नाय. आज दादानं सांगितलं, विलायती बँडवाले स्टेजवर गिटार आपटून फोडतात, तर विचारलं, "मंग तुमच्या गिटारवाल्यानं आपटली का नाय?"

मी दादाला सांगितलं. तो ओरडला, "नाय काकी, आमच्याकडं एकच होती!"

सगळा ओटा हसला. आई पण. दादा असा घरी आल्यापासून तिला हसताना पाहिलं नव्हतं.

९ जाने. २०००

वाईट दिवस. बँड मोडला ते सांगितलं. गिटारवाला ॲलन म्हणजे दादाचा जीव. तो एक दिवस म्हणाला, बोटीवर ऑर्केस्ट्रात नोकरी लागली, चाललो. मागोमाग बाकीचे दोघं पांगले. "मला टाकून गेले. मग कान पण गेले." एवढंच बोलून आत गेला. लोकं उठली. मी लिहिलं तसंच.

६ मार्च

लिहिलेले कागद नि दादाला घेऊन कल्याणला प्रकाशकांकडे. माणूस भला, चहा पाजला. म्हणाले, "वस्ती, वडिलांची मजुरी, लहानपणचे हाल, ते वाढवा. वाजवण्याबिजवण्याचं कमी करा. आपल्या वाचकाला ते कळत नाही."

दादाला सांगितलं. तो इतक्या मोठ्यानं बोलला की बाहेरची माणसं डोकावली. "साहेब, हाल सगळ्यांनीच काढले. ड्रम मी वाजवला."

कागद उचलले, निघालो. जिना उतरताना मी त्याच्याकडेच बघत होते. असं बोलता येतं, हे मला माहीतच नव्हतं.

१८ एप्रिल

शहापूरचे प्रेसवाले मोरूशेठ जनाकाकींच्या नातीच्या पत्रिका द्यायला आले, ते दिवेलागणीपर्यंत आमच्या ओट्यावरच. जाताना म्हणाले, "पुस्तक कधी छापलं नाय आमी. पण ह्ये छापतो. लग्नसराई आटपू द्या, मशीन मोकळी झाली की घेतो."

खरं वाटत नाय. पत्रिका छापणारा माणूस. ओट्यावर ऐकून.

२१ जुलै

प्रेसमध्ये. मशीन सुरू झाली, दादानं चपला काढल्या. अनवाणी उभा, डोळे मिटून. मग म्हणाला, "शोभे, ही वाजतेय गो. पायातनं वर येतेय." पहिल्यांदाच हळू बोलला. मोरूशेठनी कामगाराला खूण केली, मशीन थांबवू नको.

१४ ऑक्टो.

पुस्तक निघालं. विहारात. पाहुणा कुणी नाय, जनाकाकींच्या हस्ते. त्यांना वाचता येत नाय. म्हणाल्या, "मी कुठं हाय त्यात?" मी बोट ठेवून दाखवलं. त्यांनी आपलं बोट तिथं ठेवलं, नि फोटो होईपर्यंत काढलंच नाय.

३ फेब्रु. २००१

सकाळी दारात एक उंच माणूस. दाढी पांढरी. हातात आपलं पुस्तक.

ॲलन.

बायको वसईची, तिनं वाचून दाखवलं म्हणे. दादानं मिठी मारली नाय, बसायला सांगितलं. ॲलन बोलत होता, दाढीत ओठ दिसेनात. दादा माझ्याकडे बघतोय, "काय म्हणतो?"

ॲलन म्हणत होता, "मैं इसको छोडके नहीं गया, बाई. बोट बाद में. इसका कान पहले गया. बीट छूटता था, इसको पता नहीं चलता था. शोवाले बोले, ड्रमर बदलो. हम तीनों बोले, बँड ही बंद करो. इसको कौन बोलेगा?"

तीन माणसांनी आपल्या भाकरीवर पाणी सोडलं, पण एकाला सांगितलं नाय की तुला ऐकू येत नाय.

दादानं माझा हात हलवला. "बोल ना गो."

सांगितलं. सगळं. एक एक शब्द.

दादा अंगणात जाऊन उभा राहिला. आईनं केलेला चहा तसाच. मग आत आला नि थेट ॲलनला, "कुठल्या गाण्यात चुकलो?"

ॲलननं माझ्याकडे बघितलं. दादा म्हणाला, "तिला नको विचारू. वाजवून दाखव."

ॲलननं हवेत गिटार धरून मान हलवली, "गिटार नहीं लाया."

"वाशिंदला ऑर्केस्ट्रावाल्यांकडं हाय. ड्रम पण हाय. चल."

ओट्याच्या पायऱ्या उतरताना ॲलननं दादाचा दंड धरला. दादानं सोडवून घेतला नाय.

आई विचारतेय, "ऐकू येत नाय, मग काय दाखवणार तो?" म्हटलं, प्रेसमध्ये मशीन ऐकली तसं, पायातनं.

दुपार कलली. अजून आले नायत.