तिथीची पाऊणपट

११ फेब्रुवारी, मंगळवार
सलिल स्कूटरची चावी घेऊन मुंबईला गेला. पोटच्या मुलाने हे करावं! कारण काय, तर मी नागावहून अलिबागला भाजी आणायला निघालो आणि उलट्या दिशेला रेवदंड्याला पोचलो. म्हटलं, तिकडची वांगी चांगली असतात. अनुसूया खाली मान घालून पोहे परतत होती. म्हणजे बायकोही सामील.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
सकाळी नेहमीप्रमाणे चांगदेवचा फोन. काका, भरती कितीला? बिचारा अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्यावर टांगा नेतो, माझ्या हिशोबावर त्याचं पोट. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. जन्मभर गणित शिकवलं, पंचांग डोक्यात आहे. गावात हा एकच माणूस मला ओळखून आहे. सलिलला फोनवर हे ऐकवलं. तो म्हणाला, बाबा, जेवलात का?

१५ फेब्रुवारी, शनिवार
ठरलं. उद्या ओहोटीला एकटा किल्ल्यावर चालत जाणार आणि परत येणार. मग चावी द्यावीच लागेल. अनुसूयेला सांगायचं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार, सकाळी
अनुसूयेचा उपास. साबुदाण्याची खिचडी झकास. कसला उपास ते विचारलं नाही, ती काही ना काही धरतेच. आज अष्टमी. आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, म्हणजे बाराला पूर्ण ओहोटी. दोनपर्यंत निवांत. चांगदेवलाही हेच सांगितलं. तो नुसता हूं म्हणाला. केस कापायला जातो सांगून रिक्षा पकडली.

तोच दिवस
जाताना घोट्याएवढंच पाणी. हिशोब चोख. किल्ल्यातल्या गणपतीला ही गर्दी, वर मोदकाचा प्रसाद. अष्टमीला मोदक! हल्ली कुणाला काही कळत नाही.
बाराला परत निघालो तर पाणी छातीला लागलं. समुद्रसुद्धा उलटला. चांगदेवने टांगा पाण्यात घालून मला वर ओढलं. म्हणाला, काका, आज संकष्टी हाय. म्हणजे चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन. तीनला भरती, म्हणजे ओहोटी नऊलाच होऊन गेली. मी म्हटलं, मग सकाळी बोलला का नाहीस? घोड्याकडे बघत म्हणाला, मी तर मोबाइलवर बगतो. मग मला रोज विचारतोस कशाला? तर म्हणे, काकूंनी सांगितलंय. दोन वर्सं झाली.
सलिलचं सोडा. पण अनुसूया? रोज फोन माझ्या हातात देताना चेहऱ्यावर काही दिसू देत नव्हती. फार लागलं. मी जेवलो नाही. चंद्र उगवला तरी तिनेही उपास सोडला नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार
आज चांगदेवचा फोन आला नाही. चहा निवेपर्यंत मोबाइल मांडीवर घेऊन बसलो. अनुसूयेला तिथी विचारली. पंचमी म्हणाली. पाऊणपट करून ठेवली, पावणेचार.
मग तिलाच म्हटलं, त्याला फोन कर. सांग, काकांना भरती विचार म्हणून.