रंगात काय ठेवलंय

२ फेब्रुवारी, सकाळी ६.४०
आजपासून रोज लिहायचं. एकही दिवस चुकवायचा नाही.
फोटो क्लबचं प्रदर्शन एप्रिलच्या पहिल्या रविवारी. विषय 'रस्ता'. प्रत्येकी दहा फोटो. अट एकच: दहाच्या दहा रंगीत, नाहीतर दहाच्या दहा ब्लॅक अँड व्हाइट. सरमिसळ चालणार नाही. निवड २८ तारखेपर्यंत कळवायची.
माझा निर्णय झालेला आहे. रंगीत. सव्वीस वर्षं रंगाच्या दुकानात शेड जुळवतोय. भिंतीचा नखाएवढा पोपडा आणा, तोच रंग डब्यात काढून देतो, नुसत्या नजरेने. सबंध क्लबात रंगावर बोलायचा अधिकार दुसऱ्या कुणाला आहे? सेक्रेटरी तर दातांचे डॉक्टर आहेत.

६ फेब्रुवारी
(तीन दिवस लिहिलं नाही. विचार चालू होता.)
कामावर जाण्याआधी चाळीस फोटो काढले. चौकातली फुलवाली, बसची वाट बघणारे, दुकानाची काच पुसणारा. कॉम्प्युटरवर पाहतो तर सगळ्यांवर पिवळट झाक. कॅमेरा नवा असून ही तऱ्हा! निळा वाढवला. आणखी वाढवला. तेव्हा कुठे पांढरा शर्ट पांढरा दिसला.
बायकोला दाखवले. म्हणाली, या सगळ्यांना एवढी थंडी का वाजतेय?
तिला टोन कळत नाही.

९ फेब्रुवारी
क्लबची मीटिंग. सेक्रेटरी म्हणाले, फोटो फार निळे झालेत. मी म्हटलं, मूड आहे. ते म्हणाले, फुलवालीचाही तोच आणि काच पुसणाऱ्याचाही तोच? मग मी कॅमेऱ्याचा पिवळटपणा समजावून सांगितला. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं. हशा.
संकल्प: मत्सरी माणसांकडे दुर्लक्ष करणे.

१० फेब्रुवारी, सकाळी ८
दुर्लक्ष केलं. जाता जाता लॅबमध्ये रक्त तेवढं दिलं.

११ फेब्रुवारी
रिपोर्ट नॉर्मल! कावीळ नाही. म्हणजे डोळ्यांचा प्रश्न कायमचा मिटला. रिपोर्ट पाकिटात ठेवलाय, कुणी काही बोललं की दाखवायला.
बायको म्हणाली, डोळे रक्तात तपासत नाहीत, डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला. मी म्हटलं, मार्चमध्ये बघू.

१४ फेब्रुवारी
एक बाई तक्रार घेऊन दुकानात. क्रीम रंगाचा पोपडा आणला होता, मी स्वतः शेड काढून दिली होती. पोपड्यावर थेंब लावून ड्रायरने वाळवून, खिडकीच्या उजेडात धरून, सगळं रीतसर. बाई म्हणतात, बेडरूमच्या भिंतीवर बँडेज लावल्यासारखं दिसतंय. मालक आणि मी बघायला गेलो.
मला तर भिंत एकसंध दिसली. नवा रंग कुठे लावलाय हे मालकांनी बोट ठेवून दाखवलं तेव्हा कळलं. आता यापेक्षा परफेक्ट मॅच म्हणजे काय असतो?


१९ फेब्रुवारी
साक्षात्कार! रंग म्हणजे नुसता दिखावा. माणसाचं सुखदुःख रंगात नसतंच, ते प्रकाशात आणि सावलीत असतं. इतकी वर्षं मी डबे ढवळत बसलो आणि मला हे कळलं नाही.
कॅमेरा ब्लॅक अँड व्हाइटवर टाकला. सेक्रेटरींना मुदतीच्या नऊ दिवस आधी कळवून टाकलं. ते म्हणाले, रंगवाला माणूस रंग सोडतोय? मी म्हटलं, ज्याच्याकडे असतं तोच सोडू शकतो. हे वाक्य आयत्या वेळी सुचलं. प्रदर्शनाच्या बोर्डवर टाकण्यासारखं आहे.

२३ फेब्रुवारी
पहिले प्रिंट. बायकोने फुलवालीच्या फोटोत फुलं कुठली आणि पानं कुठली ते विचारलं. फुगेवाल्याच्या फोटोला म्हणाली, द्राक्षं छान आलीत. कलावंताने घरात वाद घालू नये.
सिग्नलचा फोटो मात्र मलाही जरा खटकला. तिन्ही दिवे सारखेच. काढून टाकला.

३ मार्च
डोळ्यांच्या डॉक्टरची आजची वेळ रद्द केली. सकाळी प्रकाश फार चांगला होता.

५ मार्च
पुन्हा रद्द. आज प्रकाश चांगला नव्हता, पण दुकानात काम होतं.
बायको म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं, हे किती दिवस चालणार? मी चिडलो. नको तेवढा चिडलो.
इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. आईचं डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. ती शिवणकाम करायची. ऑपरेशननंतर सुईत दोरा मीच ओवून द्यायचो. आधी आठवडाभर, मग महिनाभर, मग नेहमीच. पुढे मशीन विकलं. ती म्हणायची, दिसतंय रे, नीट दिसतंय. मशीन गेल्यावर ती ज्या खोलीत नुसती बसून असायची, तिथे मला जाऊन बसायचं नाही. बस.
पण माझे डोळे चांगले आहेत.

८ मार्च
शाळेचं काम. बत्तीस दरवाजे, निळे. अर्धे गेल्या वर्षी रंगवलेले, उरलेले या वर्षी, शेड मी जुळवलेली. मुख्याध्यापिकेचा फोन आला: सोळा दरवाजे हिरवे आहेत.
हिरवट, मी दुरुस्त केलं. हिरवे नाहीत. (हे अंदाजाने म्हणालो.)
मालक ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी चार शब्द सुनावले असते. त्यांनी फक्त विचारलं, तुम्हाला दोन्ही वेगळे दिसतात का, खरं सांगा. मी म्हटलं, हातच्या काकणाला आरसा कशाला, अनुभव सव्वीस वर्षांचा आहे. त्यांनी मान हलवली आणि कुणाला तरी फोन लावायला बाहेर गेले.

१५ मार्च
दुकानात शेड वाचायचं यंत्र आलं. साबणाच्या वडीएवढं. पोपड्यावर टेकवलं की कुठला रंग किती थेंब ते सांगतं. मला हसू आलं.
मला बिलाच्या काउंटरवर बसवलंय. चाकांची खुर्ची, मागे उशी, डोक्यावर पंखा. एक प्रकारची बढतीच. घरी तसंच सांगितलं. बायको जेवताना समोर बसून राहिली.

२४ मार्च
दहा फोटो क्लबला दिले. सेक्रेटरींनी एकेक उजेडात धरला, खूप वेळ. मग हळूच म्हणाले, लेन्स साफ असते ना? सगळे धूसर आलेत, एकाचाही फोकस लागलेला नाही. आणि बोलले तेही इतक्या प्रेमाने की मला पाकिटातला रिपोर्ट काढता आला नाही.
घरी येऊन लेन्स पुसली. चष्मा पुसला. कॉम्प्युटरची काच पुसली. खिडकीची पुसली. पुसायला आणखी काही उरलं नाही तेव्हा बायकोला हाक मारली.

२६ मार्च
डॉक्टर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला, पिवळा-तपकिरी. कधीपासून त्रास आहे, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पंधरा दिवस. बायको म्हणाली, दोन वर्षं.
दोन वर्षं तिला माहीत होतं.
मी आईचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, तेव्हाचं ऑपरेशन वेगळं होतं, आता वीस मिनिटांचं काम. वीस मिनिटांसाठी मी दोन वर्षं पळत होतो.

२ एप्रिल
उजव्या डोळ्याचं झालं. भीती वाटली. बायकोचा हात दारापर्यंत सोडला नाही, नर्स हसली.

३ एप्रिल, सकाळी ९.१५
पट्टी काढली. डॉक्टरांच्या दारावरचा पडदा निळा आहे. केवढा निळा! तिथेच खुर्चीत बसून रडलो. डोळ्याला पाणी लावायचं नाही म्हणून ओरडा खाल्ला.
एक डोळा झाकला की भिंत पांढरी, दुसरा झाकला की तीच भिंत चहा सांडल्यासारखी.
घरी येऊन फेब्रुवारीतले रंगीत फोटो उघडले. खरंच सगळे गारठलेत. फुलवालीचे ओठसुद्धा निळे.

५ एप्रिल
माझे दहाही फोटो मागे घेतले आणि प्रदर्शनाला प्रेक्षक म्हणून गेलो. एकाने सगळे रंगीत लावलेत, एकीने सगळे ब्लॅक अँड व्हाइट. दोघांनाही निवड करताना दोन्ही नीट दिसत होतं. मी निवड केलीच नव्हती.

१४ एप्रिल
आज कामावर रुजू. बसण्याआधी मालकांना शेड कार्ड धरायला लावलं आणि तीन हात अंतरावरून त्यावरचे सातही क्रीम वेगळे करून दाखवले, एकही न चुकता. मग गिऱ्हाईकाने आणलेला पोपडा बघून किती पिवळा, किती काळा ते तोंडी सांगितलं. मालकांनी यंत्र टेकवलं. तेच उत्तर. यंत्राला चार सेकंद लागले, मला दहा मिनिटं.
मालक खरोखर खूश झाले. माझ्या पाठीवर थाप मारली, चहा मागवला, सगळ्यांना बोलावून सांगितलं, यांना आता लख्ख दिसतंय.
मग काउंटरची चाकांची खुर्ची माझ्याकडे सरकवत म्हणाले, बरं झालं बाबा, आता बिलात चुका होणार नाहीत.