तेराचा पाढा

शिवूचे बाबा,

आत्ता तपासून बघताना ओट्यावरच्या डबीत टक् झालं आणि दचकायला झालं, इतकं घर गप्प आहे. ट्रॅक्टर चालू करायच्या आधी ग्लो प्लग तापवायला ही डबी मी बनवलीय, शिवू झोपली की थोडी थोडी. लाल वायर बॅटरीला लावा, पिवळी प्लगला. बटण एकदाच दाबायचं. प्लग पुरेसा तापला की डबी स्वतःच करंट तोडते. टक् होऊन डबीवरचा दिवा विझला की चावी फिरवा.

वायर थेट बॅटरीला धरून वेळ मोजायला तेराचा पाढा म्हणत बसू नका. त्या दिवशी तेरा सत्तेला अडलात, वायर तशीच धरून राहिलात आणि प्लग जळाला. ट्रॅक्टर चालू झाला नाही, बागेची फवारणी हुकली. त्यात मी आतून “एक्याण्णव!” ओरडले आणि फवारणीची माणसं हसली. तसं ओरडायला नको होतं. तेव्हापासून तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. नवा प्लगही पाढा म्हणूनच तापवताय. तुमचा आवाज घरात येतो तो तेवढाच.

आम्ही कवठे महांकाळला आईकडे जातोय, रविवारी येऊ. भाकरी फडक्यात आहे, आमटी तेवढी गरम करून घ्या.

शिवू चपला घालून दारात उभी आहे. तिला सांगितलं, आता बाबांना पाढा म्हणायला लागणार न्हाई. तर म्हणते, “मग बाबांचा आवाज कवा ऐकायचा, मम्मी?”